परागाची पट्टी आणि लग्नघरातला कापूस

दवाखान्यात नंबर लावून बसलं, की शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही नोकरीत होता का?" इथवर ठीक असतं. "कुठल्या खात्यात?" म्हणाली की माझी पंचाईत सुरू होते. "फुलांच्या परागकणांपासून वस्तू बनवायचं काम होतं," असं मी खरं ते सांगते. बाई आधी अत्तर धरते. मी नाही म्हणते. मग ती मध धरते. तेही नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे जरा काळजीने बघते आणि माझा नंबर कुठल्या डॉक्टरकडे आहे ते विचारते.

आमचं घराणं निजामाच्या काळापासून आदिलाबादेत. घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, आणि आजोबा माल खात्यात, म्हणजे महसुलात, असल्यामुळे रागावायला उर्दू. मी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मुलं ज्या उत्साहाने ते विसरत होती तो बघून कंटाळा आला, आणि दिल्लीच्या एका खात्याने आमच्याकडे परागाच्या संशोधनाला पैसे दिले तेव्हा मी तिकडे उडी मारली. कुठल्या साली रुजू झाले आणि कुठल्या साली बढती मिळाली हे लिहीत बसत नाही. त्यात मलाच रस नाही.

प्रयोगशाळा म्हणजे शहराबाहेर, बेल्याच्या रस्त्याला, बियाण्याच्या एका जुन्या गोदामातल्या दोन खोल्या. एकीत शिजवायचं, दुसरीत वाळवायचं आणि मोजायचं. तिथे मी आणि माझा मदतनीस श्रीनिवास. श्रीनिवास मंचिर्यालचा. तो बायकोशी तेलुगूत बोलतो, माझ्याशी मराठीत आणि यंत्रांशी हिंदीत, कारण यंत्र अडून बसलं की हिंदीतच ऐकतं असं त्याचं अनुभवाने झालेलं मत आहे.

आता धंदा समजावून सांगते. फुलात बोट घातलं की जी पिवळी धूळ लागते ते परागकण. आपल्या लेखी ती धूळ, पण त्यातला एकेक कण म्हणजे एक बंद डबी असते. आत त्या झाडाचा वंश चालवणारा ऐवज, आणि बाहेर असं कवच की ऊन, पाऊस, आम्ल, कशालाही दाद देत नाही. आपल्याला परागाच्या ज्या शिंका येतात त्या प्रथिनांमुळे येतात, त्यात कवचाचा काही दोष नाही. तेव्हा वरचं तेल धुवायचं, आतला ऐवज काढून टाकायचा आणि रिकाम्या डब्या माणसाच्या कामाला लावायच्या, एवढाच आमचा उद्योग. जगात पुष्कळ ठिकाणी लोक हे करतात. कुणी त्या डब्यांत औषध भरतात, कुणी सांडलेलं तेल शोषणारा स्पंज बनवतात. आम्ही त्या मानाने गल्लीतले खेळाडू होतो, पण खेळत होतो मन लावून.

कृती सोपी आहे, फक्त वेळखाऊ. पराग आधी अॅसिटोनमध्ये धुवायचा, म्हणजे बायका नखांचं पॉलिश काढतात त्या द्रवात. मग कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात मंद आचेवर कित्येक दिवस ठेवायचा, पाणी बदलत राहायचं. हळूहळू ती कडक कवचं मऊ पडतात आणि भांड्यात दाट, तपकिरी श्रीखंडासारखं काहीतरी तयार होतं. ते ताटात पातळ पसरून वाळवलं की त्याचा कागद निघतो. उन्हाळ्यात बायका गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालतात, तेच काम. माझी आई एकदा बघायला आली होती. तिने ताटाच्या कडेवरचा जाड थर बोटाने सारखा केला आणि म्हणाली, "एवढं शिकून शेवटी वाळवणंच केलीस."

खरी अडचण पराग मिळवण्याची. आम्हाला सूर्यफुलाचा हवा, आणि आमच्या जिल्ह्यात जिकडे नजर टाकाल तिकडे कापूस. सूर्यफूल जिथे कुठे लावलेलं असे तिथे उत्तरेकडचा एक मधपेट्यावाला हंगामात पेट्या घेऊन उतरायचा. पेटीच्या तोंडाशी बारीक भोकांची जाळी लावली, की आत घुसताना माशीच्या पायांना चिकटलेले परागाचे गोळे खालच्या खणात गळून पडतात. तो आम्हाला गोळे द्यायचा आणि प्रत्येक वेळी वर हेही ऐकवायचा, "मॅडमजी, बेचारी का टिफिन छीन रहे हैं हम लोग." मला अपराधी वाटावं म्हणून तो हे बोलायचा. मला वाटायचंही. मग आम्ही एक दिवसाआड जाळी काढून ठेवायचं ठरवलं आणि माशांपेक्षा तोच जास्त खूश झाला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. भैंशाचा एक पहिलवान ताकदीचा पराग मागायला आला. मोठ्या शहरांत पराग टॉनिक म्हणून विकतात हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, त्यात जे काही ताकदीचं असतं ते सगळं आम्ही गटारात सोडतो आणि टरफल ठेवतो." त्याने गोदामावरून एकदा नजर फिरवली, माझ्यावरून एकदा फिरवली, आणि आमच्या बुद्धीबद्दल मनाशी काय ठरवायचं ते ठरवून निघून गेला.

दुसरे गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक. निजामाचं राज्य गेलं, पण आमच्याकडे महसुलातले शब्द अजून त्याच्याच नोकरीत आहेत. गोदामामागच्या वस्तीतल्या कुणीतरी दरखास्त दिली होती, की या लोकांच्या पिवळ्या पावडरीने सगळ्या मोहल्ल्याला शिंका येतात. गिरदावर मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले आणि पहिल्या खोलीत पाऊल टाकताच त्यांना शिंकांची अशी उबळ आली की श्रीनिवासने पळत जाऊन खुर्ची आणली. मी त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं आणि वाळलेला कागद समोर धरला. त्यांनी रुमाल नाकावर दाबून धरला, वाट पाहिली, रुमाल थोडा खाली केला, पुन्हा वाट पाहिली. शेवटी कागद अगदी नाकाला लावला.

"कुछ हो नहीं रा," ते जरा हिरमुसून म्हणाले.

"जे होत होतं ते धुऊन टाकलंय, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी आमच्याकडून एक तुकडा मागून घेतला आणि त्यावर शाईने स्वतःचं नाव उर्दूत लिहून पाहिलं. शाई फुटली नाही याचा त्यांना फार आनंद झाला. वस्तीतल्या शिंकांचं मूळ निघालं गोदामामागे कंबरभर माजलेलं गाजरगवत. ते उपटायचा हुकूम झाला, आणि आम्हीही पहिल्या खोलीच्या खिडकीला दाट जाळी बसवली.

आता पट्टीकडे येते, कारण माझ्या साऱ्या कामात मला अभिमान वाटावा अशी ती एकच वस्तू आहे.

परागाच्या कागदाला एक खोड आहे. हवेत ओल आली की तो वाकतो, ओल गेली की सरळ होतो. कितीही वेळा करा, तो कंटाळत नाही. पावसाळ्यात आमचे कागद टेबलावर उठून बसायचे आणि श्रीनिवास त्यांच्यावर चिडायचा. एकदा असाच एक कागद दाबून बसवताना तो म्हणाला, "मॅडम, याला आपल्यापेक्षा आधी कळतं. तडी आहे हवेत." तडी म्हणजे तेलुगूत ओल. आणि आदिलाबादेत ओल म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. कापूस आठवतो.

बाहेरच्यांसाठी सांगते. खरेदी केंद्रावर कापसाची गाडी गेली की तिथला माणूस त्यात मीटरची सळई खुपसतो. ओल आठ टक्क्यांच्या आत दाखवली तर गाडी सरळ आत. त्यामध्ये असेल तर भाव कापून. बाराच्या वर गेली तर आल्या रस्त्याने परत. आता शेतकरी घरी काय करतो, तर कापूस मुठीत दाबून बघतो, सरकी दाताखाली धरून कट्ट वाजते का ते बघतो. पण वरचा कापूस कोरडा असला तरी ढिगाच्या पोटात ओल लपलेली असते. आमच्याकडे थंडी कडक आणि धुकंही दाट, त्यामुळे ती ओल जाता जात नाही. गाडी केंद्रावर पोचेपर्यंत खरं काय ते कळत नाही, आणि तिथे कळून उपयोग नसतो.

म्हणून आम्ही परागाच्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापल्या, मिठाच्या पाण्याने हवेत ठरावीक ओल राहते अशा बरण्यांत टांगून त्यांची परीक्षा घेतली, आणि प्रत्येक पट्टी भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घातली. डबी ढिगाच्या मध्यात पुरायची. काही तासांनी उघडायची. पट्टी सरळ असेल तर गाडी भरा, वाकडी असेल तर कापसाला ऊन दाखवा. बॅटरी नाही, आकडा नाही, वाचता यायची गरज नाही. पैनगंगेच्या काठच्या काही गावांत त्या वाटल्या आणि मी मोठ्या ऐटीत सांगत सुटले, "पट्टीचं ऐका, पट्टी खोटं बोलत नाही."

त्यातल्या एका गावात गिरजाबाई. गावच्या महिला संघमची, म्हणजे बचत गटाची, ती लीडर. आवाज असा की तिला मोबाईलची गरज पडू नये, तरी ती मोबाईलवरही त्याच आवाजात बोलते. त्या वर्षी तिच्या धाकट्या मुलीचं, वनिताचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा नदीपलीकडचा, यवतमाळकडचा. थोरलीचं लग्न शहरात हॉल घेऊन केलं होतं आणि तिथे गिरजाबाईला आपल्याच मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखं बसावं लागलं होतं. ते तिच्या मनात सलत होतं. या वेळी लग्न घरच्याच अंगणात होणार आणि वऱ्हाड घरच्याच मोठ्या खोलीत उतरणार, हे तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. फक्त त्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. कापसाशेजारी पाहुणे बसवता येत नाहीत. साठवलेल्या कापसाने अंगाला अशी खाज सुटते की वऱ्हाडाने अक्षता टाकायच्या की खाजवायचं हा प्रश्न पडेल. लग्नाआधी खरेदीचा एकच स्लॉट तिला मोबाईलवर मिळाला होता. तो चुकला किंवा गाडी परत आली तर पुढचा थेट लग्नानंतर, आणि लग्न पुन्हा हॉलमध्ये.

स्लॉटच्या आदल्या सकाळी गिरजाबाईचा फोन आला.

"म्याडम, पट्टी सरळ हाये. आज गाडी भरतो आमी."

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडचं दुकान दिसत नव्हतं. "धुकं आहे ना तिकडे?"

"धुकं तर लय हाये. समोरचा लिंब दिसून नाई राह्यला. पन पट्टी सरळ हाये."

मी तिला थांबायला सांगितलं आणि श्रीनिवासला जीप काढायला लावली. त्या आठवड्यात बाकीच्या सगळ्या गावांतून पट्ट्या वाकड्या असल्याच्या बातम्या होत्या. एका गिरजाबाईच्याच घरी कोरडं हवामान असावं हे काही मला पटेना. खरं सांगायचं तर वाटेत मला धडकी भरली होती. पट्टीचं ऐका म्हणून मीच सांगून ठेवलं होतं आणि ही बाई अक्षरशः ऐकत होती.

आम्ही पोचलो तेव्हा मांडववाला अंगणात बांबू रोवत होता. गिरजाबाईचे यजमान नामदेवराव ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होते. गिरजाबाईने ढिगात खांद्यापर्यंत हात घालून डबी काढली आणि विजयी मुद्रेने माझ्या हातात दिली. पट्टी सरळ होती खरी. पण ती चमकत होती. आणि आमची पट्टी मळकट तपकिरी असते, ही पिवळीधमक होती. मी ती नाकाशी नेली. आंबट वास आला.

"गिरजाबाई, हिला काय लावलंत?"

"काई नाई लावलं. सीतादहीले पुजली फक्त."

सीतादही म्हणजे आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. शेताच्या कोपऱ्यात पाच दगड मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा.

"पुजली म्हणजे काय केलंत?"

"हळद-कुंकू लावलं. दह्याचं बोट लावलं. मंग दर येचनीले लावत गेलो थोडं थोडं."

"दोन्ही बाजूंनी?"

"दोनी आंगाले. एका आंगाले लावून दुसरं कोरडं ठेवते का कोनी?" माझा चेहरा बघून तिचा आवाज जरा खाली आला. "आमी वखर पुजतो, तिफन पुजतो. हेबी कामाचीच वस्तू हाये न, म्याडम. मंग हिलेच काऊन नाई पुजाचं?"

श्रीनिवास कापसाच्या ढिगाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. परागाला ओल कळावी म्हणून आम्ही त्याच्यावरचं तेल थेंब थेंब काढत होतो, आणि गिरजाबाईने म्हशीच्या दह्यातलं लोणी दोन्ही बाजूंनी चढवून ते पुन्हा बंद करून टाकलं होतं. ती पट्टी नदीत टाकली असती तरी सरळच राहिली असती.

जीपमधून आणलेल्या नव्या पट्ट्या आम्ही ढिगात चार ठिकाणी पुरल्या. चहा झाला, मांडववाल्याचे बांबू रोवून झाले. डब्या उघडल्या तर चारही पट्ट्या तळलेल्या पापडासारख्या वळलेल्या. वनिता दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"आता?" गिरजाबाईने विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

नामदेवराव म्हणाले, "ट्रक तर आज सांजीच येऊन राह्यला. जाऊ द्या जसा हाये तसा. मीटरबी कधी कधी चुकते."

"चुकलं नाही तर?" मी म्हटलं.

तेवढ्यात धुकं वर उठायला लागलं. दुपार व्हायच्या आत चांगलं खणखणीत ऊन पडलं. मी गिरजाबाईला म्हटलं, "संध्याकाळचं दव पडायच्या आत जेवढं वाळेल तेवढं वाळवू. पण एवढा कापूस पसरायचा कुठे?" गिरजाबाई अंगणात जाऊन उभी राहिली आणि तिने आपला खरा आवाज काढला. थोड्या वेळात संघमच्या बायका, त्यांच्या सुना आणि ताडपत्र्या, सगळं जमा झालं. गल्लीतल्या एकूणएक स्लॅबवर कापूस चढला. ताडपत्र्या कमी पडल्या तेव्हा मांडववाल्याच्या सतरंज्या गेल्या. तो ओरडत राहिला, की सतरंज्यांचं भाडं लग्नाचं ठरलंय, कापसाचं नाही. "लग्नाचंच काम हाये," एका बाईने त्याला वरूनच सांगितलं.

आम्ही प्रत्येक गच्चीवरच्या ढिगात एकेक डबी ठेवली. मग जे काही झालं त्याची मला अजून गंमत वाटते. बायका कापूस उलटसुलट करत होत्या आणि मधून मधून आपापली डबी उघडून एकमेकींना ओरडून सांगत होत्या. "माही अर्धी सरळ झाली वो." "माही तर अजून वाकडीच हाये, शिंगासारखी." "तू लय उघडून उघडून पाहून राह्यली, तिले जरा दम खाऊ दे." वनिताला आत बसायला सांगितलेलं होतं. नवरीने लग्नाच्या तोंडावर उन्हात काळवंडू नये म्हणून. ती ओढणी तोंडाला गुंडाळून शेजारच्या गच्चीवर कापूस फोडत होती आणि गिरजाबाई तिकडे मुद्दाम बघत नव्हती.

सूर्य कलला तेव्हा एक सोडून सगळ्या गच्च्यांवरच्या पट्ट्या सरळ झाल्या. एका गच्चीवर लिंबाची सावली दुपारपासून आली होती. तिथली पट्टी वाकलेलीच होती.

"हा कापूस गाडीत जायचा नाही," मी म्हटलं.

"एवढ्यानं काय होते?" नामदेवराव म्हणाले. "सगळ्यात मिसळून जाईन."

"मीटरची सळई नेमकी तिथेच घुसली तर? सगळी गाडी परत येईल."

ते नाराज झाले. नेमका तोच कापूस पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र होता. त्यांनी गिरजाबाईकडे पाहिलं. माझ्या पट्टीने सकाळी तिला तोंडघशी पाडलं होतं, आणि आता मी त्याच पट्टीच्या शब्दावर तिच्या डोळ्यांदेखत तिचा कापूस बाजूला काढायला सांगत होते. तिने पदराने तोंड पुसलं. "गोठ्याच्या माळ्यावर टाका तो," ती म्हणाली. "म्याडम म्हनते तसंच करा."

संध्याकाळीच गाडी भरली आणि आम्ही तिथेच मुक्काम केला. पहाटे ट्रक निघाला आणि त्याच्या मागे आमची जीप. केंद्रावर लांबच लांब रांग. आमच्या पुढची गाडी परत गेली. त्या शेतकऱ्याने गाडी वळवली आणि तो निघून गेला. मग मीटरवाला पोरगा आमच्या ट्रकवर चढला. एका ठिकाणी सळई खुपसली, वाचली. दुसऱ्या ठिकाणी खुपसली, वाचली. तिसऱ्या ठिकाणी खुपसताना त्याने सगळी सळई आत घातली, पार मुठीपर्यंत. गिरजाबाई मीटरकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी श्रीनिवासकडे.

"आठाच्या आत," पोरगा म्हणाला. "घ्या गाडी आत."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कॉलेजात, प्रयोगशाळेत, दिल्लीच्या समितीसमोर, कधीच मला माझ्या कामाबद्दल इतकं समाधान वाटलं नव्हतं. गिरजाबाईने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला, चहा पाजते." तेव्हा पहिल्यांदा श्रीनिवास मोठ्याने हसला, कालपासून दाबून ठेवलेलं सगळं.

पुढचं आधी सांगून टाकते. ती दह्याची पट्टी आम्ही प्रयोगशाळेत नेली. दोन्ही अंगांना लोणी लागलं की पट्टी मुकी होते, मग एकाच अंगाला लावलं तर काय होईल, असं मी आणि श्रीनिवासने दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. दह्याऐवजी मेण घेतलं. मेण लावलेली बाजू ओल घेत नाही, दुसरी घेते, त्यामुळे पट्टी पूर्वीपेक्षा चटकन आणि नेहमी एकाच दिशेला वाकते. आमच्या नंतरच्या सगळ्या पट्ट्या तशाच आहेत. हैदराबादच्या एका कंपनीने पट्टी बघितली आणि वस्तू चांगली आहे पण फार साधी आहे, असं कळवलं. त्यांना तिच्यात बॅटरी हवी होती, ॲप हवं होतं. ते जमलं नाही, आणि मी निवृत्त होईपर्यंत पट्टी आमच्या पैनगंगाकाठच्या गावांपलीकडे गेली नाही. याची रुखरुख आहे, ती काही लपवत नाही. श्रीनिवास अजून बनवतो आणि मागेल त्याला देतो.

तर लग्न. ते घरच्याच अंगणात झालं. मोठी खोली झाडून, सारवून, चुना मारून तयार होती आणि वऱ्हाड त्यात पाय पसरून बसलं होतं. नवऱ्याचे एक काका कोपऱ्यात बसून अधूनमधून पोटरी खाजवत होते, पण तेवढं चालायचंच. गिरजाबाई प्रत्येक पंगतीत वाढायला होती. तिला कुणी बस म्हटलं तर ती म्हणायची, "माह्या घरचं लग्न हाये, मी कायले बसू?"

पाठवणीच्या वेळी व्हायचं ते सगळं झालं. बायका रडल्या, नामदेवराव गोठ्याकडे काहीतरी बघायला गेले ते लवकर आलेच नाहीत. वनिता सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. डोळे रडून सुजले होते. मी तिला उठवलं तर तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानाशी तोंड आणलं. मला वाटलं, हुंदका आवरत नसेल.

"म्याडम, दोन पट्ट्या द्याल का? तिकडंबी कापूसच हाये."

"देते ना. पण दोन कशाला गं?"

"एक सासूले पुजाले," ती नाक ओढत म्हणाली, "अन् एक कापसात ठेवाले."

त्या रडारडीत मी खळखळून हसले आणि नवऱ्याकडच्या बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग मी श्रीनिवासला जीपकडे पिटाळलं. तेव्हापासून ज्या घरी पट्टी जाते, तिथे दोनच जातात.